हीटर सारखा जातोय? तिसरा विकत आणण्याआधी हे तपासा

हॉटेलवाल्याचा फोन येतो तेव्हा रोगनिदान आधीच झालेलं असतं. “कॉइल गेलीय, नवी घेऊन या.” बहुतेक वेळा ती खरंच गेलेली असते. पण कशाने गेली हे विचारायला सकाळच्या गडबडीत कोणाला सवड नसते, आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच मशीनसाठी तोच फोन पुन्हा येतो.

पुण्याच्या पूर्वेला, हडपसर ते वाघोली या पट्ट्यात मी इडली स्टीमर, बेन मारी (पदार्थ गरम पाण्यावर गरम ठेवणारं काउंटर), फ्रायर, चहाचे बॉयलर असली कामं करतो. मशीनं दिसायला वेगवेगळी, पण पोटात एकच वस्तू, हीटर, ज्याला सगळे कॉइल म्हणतात: स्टीलची वाकवलेली नळी, तिच्या मधोमध निक्रोमच्या तारेची स्प्रिंग, आणि दोन्हींच्या मध्ये ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. तारेत तयार झालेली उष्णता पाण्यात किंवा तेलात निघून जात राहिली तर हीटर वर्षानुवर्षं चालतो. ती नळीतच अडकली की तार वितळते. खाली बरंच काही लिहिलंय, पण निम्म्या तक्रारी शेवटी इथेच येऊन थांबतात.

लक्षणं

मशीन नेमकं काय करतंय ते दोन मिनिटं उभं राहून बघा. त्यावरून अर्धं काम होतं.

- मशीन पूर्ण थंड, दिवाही लागत नाही. यात हीटरचा दोष असण्याची शक्यता सगळ्यात कमी. तीन हीटरचं मशीन असेल तर तिन्ही एका रात्रीत मरत नाहीत. बिघाड बाहेर आहे.
- दिवा लागतो, पण तापत नाही. सेफ्टी कट-आउट (फार तापलं की वीज तोडणारा), थर्मोस्टॅट, कॉन्टॅक्टर (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), आणि एकच हीटर असेल तर हीटर.
- तापतं, पण फार वेळ लागतो. एक हीटर किंवा एक फेज गेलेला, व्होल्टेज कमी, किंवा क्षाराचा थर.
- चालू करताक्षणी एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच) पडते. सरळ शॉर्ट.
- एमसीबी नाही, ईएलसीबी पडतो. (हा गळती झाली की वीज तोडतो. सगळे ईएलसीबी म्हणतात, हल्लीच्या डब्यावर आरसीसीबी लिहिलेलं असतं.) वीज बॉडीकडे झिरपतेय.
- सुट्टीनंतर किंवा पहिल्या पावसात ईएलसीबी पडतो, बाकी वर्षभर नाही. हीटरच्या पुडीत ओल गेलीय.
- नवा हीटर चालतो आणि महिन्या-दोन महिन्यांत जातो. हा लेख मुख्यतः याच्यासाठी आहे.
- तेल लवकर काळं पडतं, पदार्थाला जळकट वास येतो. नळीवर कार्बन बसलाय किंवा चुकीचा हीटर लावलाय.
- बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. इथे वाचन थांबवा, मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. “चप्पल घालून काम करा” हा त्यावरचा उपाय नाही, जरी मी तो तीन-चार किचनमध्ये ऐकलाय.

पुढचं काहीही करण्याआधी: एमसीबी खाली, प्लग बाहेर, आणि एमसीबीवर “काम चालू आहे” असा कागद चिकटवा. किचनमध्ये दहा माणसं असतात आणि त्यातल्या एकाला मशीन बंद दिसलं की ते चालू करायची घाई असते. टेस्टर वापरणार असाल तर आधी चालू सॉकेटवर तो पेटतो का बघा, मग मशीनवर लावा. बिघडलेला टेस्टर सगळीकडे “वीज नाही” असंच सांगतो. फ्रायरचं तेल पूर्ण थंड होऊ द्या.

१. फुकटातल्या तपासण्या

प्लग काढून पिना बघा. एखादी पिन काळी-निळी पडली असेल, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं होऊन वितळलं असेल, तर बिघाड तिथेच सापडला. ३ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो, तोही तासन्‌तास. सॉकेट सैल असेल तर सगळा ताप त्या सांध्यावर येतो.

थ्री फेज मशीन असेल तर मेन बोर्डावरचे लाल, पिवळा, निळा असे तिन्ही दिवे लागलेत का बघा. हे सांगायला मला लाज वाटते, पण एका कँटीनमध्ये मी अख्खा फ्रायर उघडून बसलो होतो आणि बोर्डावरचा पिवळा दिवा सकाळपासून बंद होता. बाहेरचा फ्यूज गेला होता.

मग सेफ्टी कट-आउट. फ्रायरच्या थर्मोस्टॅटशिवाय एक वेगळा कट-आउट असतो, साधारण २३० अंशांच्या आसपास तुटणारा, आणि त्याचं लाल बटण बहुतेक मशीनमध्ये खाली किंवा मागे, एका लहान टोपीखाली असतं. तेल गार झाल्यावर ते दाबा. “टक्” आवाज आला तर कट-आउट पडलेला होता.

पण तो विनाकारण पडत नाही. थर्मोस्टॅट चिकटून तेल जास्त तापलं, तेल कमी होतं, किंवा सेन्सरची पितळी कांडी क्लिपमधून निसटून हवेत लटकत होती, यातलं काहीतरी झालंय. एकदा दाबून चाललं तर चालवा, पण बाजूला उभं राहून. त्याच दिवशी दुसऱ्यांदा पडला तर मशीन बंद. काही ठिकाणी हा कट-आउट वायर जोडून बायपास केलेला सापडतो. तसा सापडला तर मी दुसरं कुठलंच काम करत नाही, आधी तो लावतो. तेल ३५० अंशांच्या वर गेलं की ते ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं, आणि तिथपर्यंत जाण्यापासून अडवणारी शेवटची वस्तू हीच असते.

२. घड्याळ लावून बघा

ही माझी आवडती तपासणी, कारण हिला एक पैसा लागत नाही आणि मशीन उघडावं लागत नाही.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. म्हणजे २० लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ६,२८० किलोज्यूल. ३ किलोवॅटचे दोन हीटर असलेल्या स्टीमरला हे काम कागदावर साडेसतरा मिनिटांत जमायला हवं. भांडं तापतं, वाफ निसटते, ते धरून वीस-बावीस मिनिटं. तुमच्या स्टीमरला चाळीस लागत असतील तर एक हीटर मेलेला आहे, हे मी फोनवर सांगू शकतो. पंचवीस-सत्तावीस लागत असतील तर दोन्ही जिवंत आहेत, आणि दुखणं क्षाराचं किंवा व्होल्टेजचं आहे.

मशीन नवं असताना हा वेळ मोजून आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक भांडणात तो आकडा कामाला येतो.

३. क्षार

इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या स्टीमर-हीटरपैकी बहुतेकांचा खून पाण्याने केलेला असतो.

वाघोली भागात हॉटेलं बोअरवेलवर आणि टँकरवर चालतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. समजा तुमचं पाणी ६०० चं आहे आणि स्टीमर दिवसात ३० लिटर पाण्याची वाफ करतो. वाफ शुद्ध पाण्याची असते, क्षार मागे राहतात. म्हणजे रोज १८ ग्रॅम. दोन महिन्यांत किलोच्या वर. सगळा हीटरवर बसत नाही, काही तळाशी पडतो, काही पाण्यातच राहतो. पण क्षार सगळ्यात गरम जागी आधी बसतो, आणि टाकीतली सगळ्यात गरम जागा म्हणजे हीटरची नळी.

हा थर उष्णतेला अडवतो. तार तेवढीच वीज घेत राहते, तेवढीच उष्णता तयार करते, पण ती सहज बाहेर पडत नाही. आतलं तापमान चढत जातं आणि एका जागी तार तुटते. हीटर बाहेर काढला की दिसतं: थर जिथे जाड, तिथेच नळी फुगलेली किंवा चिरलेली.

वाघोलीच्या एका इडली सेंटरमध्ये हीटर दोन-दोन महिन्यांनी जायचा. मालक प्रत्येक वेळी दुकानदाराला शिव्या घालायचे: माल डुप्लिकेट देतो म्हणून. शेवटी मी मेलेला हीटर त्यांच्या हातात दिला आणि वजन बघायला सांगितलं. नव्याच्या जवळजवळ दुप्पट. दुकानदाराचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

काढायचा कसा? सायट्रिक ॲसिडने, म्हणजे ढोकळ्यात घालतात त्या लिंबूसत्वाने. लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या टाकीला किलोभर. पाणी हात पोळेल एवढं, साधारण ६० अंश, गरम करा, मशीन बंद करा आणि मग पूड घाला. फेस येईल, तो थांबेपर्यंत, तास-दीड तास, तसंच ठेवा. नंतर पाणी सोडून द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा, दोनदा खळबळून धुवा. थर जाड असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, क्षार झटकन जातो खरा, पण स्टेनलेस स्टीललाही बारीक बारीक भोकं पडतात, आणि पुढच्या महिन्यात त्या भोकांतून पाणी पुडीत शिरतं. छिन्नी-हातोडीही नको. नळीला पोचा पडला की आतली तार भिंतीजवळ सरकते, आणि हीटर त्या जागी बॉडीला लागतो.

पुन्हा बसू नये म्हणून रोज रात्री टाकीतलं पाणी सोडून द्या. दिवसभर वरून भर घालत राहिलं तर आतलं पाणी अधिकाधिक खारट होत जातं. एवढ्या एका सवयीने त्या इडली सेंटरचा हीटर वर्षभर टिकला. सोमवारच्या सुट्टीला लिंबूसत्वाची पाळी ठरवली ती वेगळी. वर्षात दोनपेक्षा जास्त हीटर जात असतील तर सॉफ्टनरच्या (पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या यंत्राच्या) किमतीचा हिशोब करून बघायला हरकत नाही.

पाण्याची पातळी हा याचाच भाऊ. नळीचा वरचा वाक पाण्याबाहेर उघडा पडला तर तेवढा भाग काही मिनिटांत लाल होतो. फ्लोट असेल तर तो क्षाराने अडकलाय का, हाताने वर-खाली करून बघा.

फ्रायरमध्ये क्षाराच्या जागी कार्बन असतो. पिठाचे कण नळीवर बसून जळतात. रोज तेल गाळणं आणि आठवड्याला नळ्या घासणं, दुसरं औषध नाही. वनस्पती तूप वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: घट्ट तुपात नळ्यांभोवती हवेच्या पोकळ्या राहतात. तूप वेगळ्या भांड्यात वितळवून ओता, किंवा हीटर थोडा थोडा वेळ चालू-बंद करत वितळू द्या. एकदम पूर्ण चालू करू नका.

४. टर्मिनल

आता मागचं झाकण उघडावं लागेल. पाना, पक्कड आणि टॉर्च पुरे. वीज बंद आहे हे पुन्हा एकदा बघा.

हीटरच्या टोकांवरचे नट, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आणि वायरी बघा. काळा पडलेला लग, कडक होऊन तडकलेलं वायरचं आवरण, हिरवट बुरशीसारखं पितळ, हे सगळं सैल सांध्याचं लक्षण. सैल जागी रोध वाढतो, तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने नट आणखी सैल होतो. शेवटी टोकच जळून तुटतं आणि सगळे म्हणतात हीटर गेला. आतली तार मात्र ठणठणीत असते.

लग बदला, पितळी नट आणि स्प्रिंग वॉशर नवे घ्या. नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर अख्खा खिळा फिरतो आणि आतला सांधा तुटतो. नव्या पोरांच्या हातून नवाकोरा हीटर असाच जातो. वायर साधी पीव्हीसीची नको. ती ७० अंशांपर्यंतची असते आणि हीटरच्या टोकाशी त्याहून जास्त ताप असतो. सिलिकॉनची किंवा फायबर ग्लासच्या आवरणाची घ्या.

५. मीटर लावून

इथून पुढे हातात क्लॅम्प मीटर हवा. ज्याच्याकडे चार मशीनं आहेत त्याने स्वतःचा घ्यावा असं माझं मत आहे. पण चालू पॅनेलवर काम करायची सवय नसेल तर मीटर वायरमनच्या हातात द्या, तुम्ही आकडे लिहा.

आधी व्होल्टेज, आणि तेही मशीन पूर्ण चालू असताना. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २३० चा हीटर २१० वर चालवला तर ताकद ८३ टक्के उरते. १८० वर ६१ टक्के. मशीन बंद असताना २३० आणि चालू केल्यावर २०५ दिसत असेल तर वायर बारीक आहे किंवा वाटेत एखादा सांधा सैल आहे. उलट २५० असेल तर ताकद ११८ टक्के होते. रात्री उशिरा आसपासचा भार कमी झाला की व्होल्टेज चढतं, म्हणून रात्रपाळीच्या बेकरीत हीटर जास्त जातात का, हे दुपारी मोजून कळणार नाही. त्या वेळीच मोजावं लागतं.

मग करंट. मीटरचा चिमटा एकाच वायरभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर ते एकमेकांना छेद देतात आणि मीटर शून्य दाखवतो. २ किलोवॅटच्या हीटरला ८.७ अँपिअर, ३ किलोवॅटच्या हीटरला १३. शून्य असेल तर हीटर किंवा त्याच्या वाटेतलं काहीतरी तुटलंय.

थ्री फेज फ्रायरमध्ये एक गंमत आहे. २ किलोवॅटचे तीन हीटर स्टारमध्ये (तिघांचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) आहेत, एक मेला. न्यूट्रल जोडलेला असेल तर उरलेले दोन पूर्ण ताकदीने चालतात, ४ किलोवॅट मिळतात. न्यूट्रल नसेल तर उरलेले दोन एकामागे एक, ४०० व्होल्टवर येतात आणि दोघांचे मिळून ३ किलोवॅटच होतात, निम्मे. म्हणून “एकच हीटर गेलाय, पण तेल निम्म्यानेच तापतंय” ही तक्रार खोटी नसते.

याच्याही पुढचं, आणि धोक्याचं: अख्ख्या दुकानाचा मेन न्यूट्रल सैल होणं. लक्षण असं की काही दिवे फार झगझगीत, काही मंद, आणि मशीन चालू-बंद केलं की त्यांची अदलाबदल होते. मग एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं. हीटरबरोबर फ्रिज, मिक्सर, बिलिंगचा कॉम्प्युटर सगळं जातं. हे दिसलं की मेन स्विच पाडा. मीटर काढून खात्री करत बसू नका.

६. ओहम

आता हीटरचा रोध मोजायचा. वीज बंद करून हीटरची किमान एक वायर सोडा. सोडली नाही तर शेजारच्या हीटरचं वाचन मिसळतं. २६ ओहमचे दोन समांतर असले तर मीटर १३ दाखवतो आणि तुम्ही हीटरला शॉर्ट समजता.

काय दिसायला हवं? व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २ किलोवॅटला साधारण २६.५ ओहम, ३ किलोवॅटला १७.६, दीड किलोवॅटला ३५. निक्रोमचा रोध थंड आणि गरम यात फारसा बदलत नाही, त्यामुळे थंड हीटरचं वाचन भरवशाचं असतं. मीटरने काहीच दाखवलं नाही तर तार तुटलीय, हीटर बदला. आकडा पाच-दहा टक्क्यांत बसत असेल तर हीटरची तार चांगली आहे, दोष दुसरीकडे शोधा.

७. ईएलसीबी पडतो तेव्हा

हीटरच्या दोन्ही वायरी सोडा. एकच सोडून भागत नाही, कारण न्यूट्रलच्या बाजूने झिरपलं तरी ईएलसीबी पडतो. सगळे हीटर सोडून मशीन चालू करा, मग वीज बंद करून एकेक जोडत जा. ज्याने पडला तो चोर.

साध्या मल्टिमीटरने गळती दिसेलच असं नाही. त्याची बॅटरी ९ व्होल्टची. २३० वर जे झिरपतं ते ९ वर दिसत नाही. म्हणून ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून गळती तपासणारा मीटर) लागतो. किती गळती पुरते? ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी त्याच्या आतच, १५ च्या पुढे कुठेही पडू शकतो. आणि एकाच ईएलसीबीवर पाच मशीनं असतील तर पाचांची बारीक बारीक गळती एकत्र होते. एकही मशीन बिघडलेलं नसताना तो पडतो. तेव्हा प्रत्येक मशीनला वेगळा ईएलसीबी हाच उपाय.

जूनमध्ये कॉलेजच्या मेस उघडतात तेव्हा मला हमखास फोन येतात. दीड-दोन महिने मशीन बंद, त्यात पहिला पाऊस. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतली ओल ओढून घेतं, टोकाच्या सीलमधून ती पुडीत उतरते. हा हीटर मेलेला नाही, ओला आहे. तो काढून बेकरीच्या ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर काही तास वाळवला आणि मेगरने पुन्हा तपासला तर बहुतेक वेळा सुधारतो. टोकाचं सील तडकलेलं असेल तर मात्र पुन्हा ओला होईल.

ओल घालवण्यासाठी ईएलसीबी बायपास करून “थोडा वेळ चालवून बघू” असं कोणी सुचवलं तर त्याला त्या दिवशी किचनच्या बाहेर ठेवा.

८. थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टर

थर्मोस्टॅटची पारख सोपी: वेगळा थर्मामीटर तेलात धरा आणि नॉबवरच्या आकड्याशी ताडून बघा. वड्यासाठी १८० लावलेत आणि तेल २१० वर गेलंय तर थर्मोस्टॅट बदला. त्याची बारीक तांब्याची नळी मुरगळली किंवा आतला द्रव गळला की तो दुरुस्त होत नाही.

कॉन्टॅक्टर गुरगुरत असेल, किंवा तिन्ही फेजपैकी दोनच पुढे जात असतील, तर त्याचे पॉइंट जळालेत. किचनमध्ये याचं मोठं कारण झुरळं. उबेला आत येतात आणि पॉइंटमध्ये चिरडतात. पॉइंट पॉलिश पेपरने घासू नका, त्यावरचा चांदीचा मुलामा जातो आणि दोन आठवड्यांत परत तेच. नवा घेताना एसी-१ चं रेटिंग बघा, ते हीटरसारख्या भारासाठी असतं. एसी-३ मोटारसाठी असतं. दोन्ही आकडे एकाच पाटीवर असतात आणि दुकानदार कोणता वाचून दाखवेल सांगता येत नाही.

नवा हीटर घेताना

फक्त वॅट सांगून हीटर आणू नका. शिकाऊ असताना मी एका फ्रायरला बॉयलरचा हीटर बसवला होता. वॅट तेच, व्होल्ट तेच, लांबीला थोडा कमी, “बसतो ना, मग झालं” म्हणून. पंधरा दिवसांत गेला, आणि जाण्याआधी रोज तेल काळं करून गेला. पाणी उष्णता पटकन ओढून घेतं म्हणून पाण्याचा हीटर लहान नळीत जास्त वॅट भरून करतात. तेल तेवढं ओढत नाही. नळी तापत जाते, तिला चिकटलेलं तेल जळतं. त्या मालकाचं तेल मी भरून दिलं.

म्हणून वॅट, व्होल्ट, नळीची पूर्ण लांबी आणि पाण्याचा की तेलाचा, चारही जुळले पाहिजेत. पाणी फार जड असेल तर साध्या स्टीलऐवजी इन्कोलॉयची नळी मागा. महाग पडते, पण ताप आणि गंज जास्त सोसते. गॅस्केट नेहमी नवं.

थ्री फेज हीटर काढण्याआधी टर्मिनलवरच्या पितळी पट्ट्यांचा फोटो काढा. २३० व्होल्टचे तीन हीटर स्टारऐवजी डेल्टात (प्रत्येक हीटर दोन फेजच्या मध्ये) लागले तर प्रत्येकावर ४०० व्होल्ट येतात आणि ताकद तिप्पट होते. ६ किलोवॅटच्या फ्रायरमधून १८ किलोवॅट. एमसीबी पडली तर नशीब.

कुठे थांबायचं

झिणझिण्या आणि सैल न्यूट्रल यांचं वर सांगितलंच. एमसीबी दुसऱ्यांदा पडली तर तिसऱ्यांदा चढवू नका. पॅनेलमध्ये जळका वास किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं, बॉडीपासून अर्थच्या पिनेपर्यंत मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवत नाही, मेगर लागणार आहे, किंवा थ्री फेजच्या जोडण्या सोडाव्या लागणार आहेत, तर परवानाधारक वायरमन किंवा कंपनीचा माणूस. मशीन वॉरंटीत असेल तर मागचं झाकणसुद्धा उघडू नका. घड्याळ, क्षार, पातळी, लाल बटण, प्लग: एवढं मालकाने करावं. झाकणाच्या आतलं, हात बसलेला असेल तरच.

बोलावताना मशीनच्या पाटीचा फोटो, हीटरच्या टोकांचा फोटो, चालू असतानाचं व्होल्टेज, आणि मागचा हीटर कधी बदलला ती तारीख पाठवा. एवढं असलं तर माणूस पहिल्याच फेरीत योग्य हीटर घेऊन येतो. नाहीतर पहिली फेरी मापं घेण्यातच जाते, आणि तिचेही पैसे लागतात.